फोन मंदावतो तेव्हा कंपनीचा दोष नेमका कुठे असतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांपूर्वी घेतलेला स्मार्टफोन सुरुवातीला चपळ होता. आता कॅमेरा उघडायला वेळ लागतो, टाइप केलेली अक्षरे उशिरा उमटतात, कॉल आला की आधी रिंग वाजते आणि नाव मागाहून दिसते, आणि हे सारे एका मोठ्या सिस्टीम अपडेटनंतर ठळकपणे जाणवू लागले. ग्राहकाने नवा फोन घ्यावा म्हणून कंपनी जुना फोन मुद्दाम मंद करते का, आणि तसे असेल तर ते ओळखायचे कसे, असे प्रश्नकर्त्याने विचारले आहे.

फोनदुरुस्तीच्या व्यवसायात हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो, म्हणून उत्तर आधीच स्पष्ट सांगतो. मुद्दाम मंद केल्याचा आरोप बहुतेक वेळा टिकत नाही, पण तेवढ्याने कंपनी निर्दोष ठरत नाही. तिची चूक बहुधा अपडेटच्या दिवशी घडलेली नसते. फोन बाजारात आणण्यापूर्वी त्यात कोणत्या प्रतीचे स्टोरेज (माहिती कायम साठवणारी जागा) घालायचे, रॅम (चालू कामापुरती तात्पुरती स्मृती) किती द्यायची आणि बॅटरी बदलणे किती अवघड ठेवायचे हे जिथे ठरते, तिथे ती घडलेली असते. दुसरी चूक असते ती हे निर्णय आणि त्यांचे परिणाम ग्राहकाला न सांगण्याची.

संशयाला खरा आधार देणारे सर्वांत गाजलेले प्रकरण अ‍ॅपलचे आहे. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या, आयओएस या आयफोनच्या सिस्टीमच्या १०.२.१ या अपडेटमध्ये आयफोन ६, ६एस आणि एसई या फोनांची बॅटरी जुनी झाली असेल तर प्रोसेसरचा कमाल वेग खाली आणणारी व्यवस्था घालण्यात आली होती, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयओएस ११.२ द्वारे ती आयफोन ७ पर्यंत पोहोचली. ग्राहकांना याची स्पष्ट कल्पना देण्यात आली नव्हती. डिसेंबर २०१७ मध्ये गीकबेंच ही वेगचाचणी तयार करणाऱ्या प्रायमेट लॅब्जचे जॉन पूल यांनी आपल्याकडे जमा झालेले आकडे आलेखावर मांडले. जुन्या आवृत्तीवर आयफोन ६एसच्या गुणांचे एकच टोकदार शिखर दिसत होते, कारण एकाच मॉडेलचे फोन साधारण सारख्याच वेगाने चालतात. १०.२.१ नंतरच्या आलेखात मात्र कमी गुणांच्या बाजूला आणखी लहान शिखरे उभी राहिली होती. झीज असती तर गुण सगळीकडे विखुरले असते. ठरावीक पायऱ्यांवर गर्दी होते तेव्हा त्यामागे कुणीतरी घातलेली मर्यादा असते. दोनच दिवसांनी अ‍ॅपलने हे मान्य केले, महिनाअखेरीस माफी मागितली आणि वॉरंटीबाहेरच्या फोनच्या बॅटरीबदलाचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. मार्च २०१८ मधील आयओएस ११.३ पासून बॅटरीची अवस्था सेटिंग्जमध्ये दिसू लागली. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने अडीच कोटी युरोंचा दंड केला आणि त्याच वर्षी अमेरिकेत कंपनीने कमाल ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड स्वीकारली.

मात्र या प्रकरणातून अनेकांनी जो निष्कर्ष काढला तो तांत्रिकदृष्ट्या अर्धाच खरा आहे. वेग कमी करण्यामागचे कारण खोटे नव्हते. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तेव्हा तिची साठवणक्षमता कमी होते हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याचबरोबर तिचा अंतर्गत रोधही, म्हणजे आतून प्रवाहाला होणारा अडथळाही, वाढतो, आणि फोनला त्रास होतो तो मुख्यतः यामुळे. समजा, नव्या बॅटरीचा रोध ०.१ ओहम आहे आणि कॅमेरा सुरू होताना फोनने क्षणभर ३ अँपिअर प्रवाह ओढला, तर व्होल्टेज ०.३ ने खाली येईल आणि फोनला काही जाणवणार नाही. तोच रोध ०.२५ ओहम झाला तर घसरण ०.७५ व्होल्टची होते, म्हणजे ३.७ व्होल्टवर असलेली बॅटरी त्या क्षणी तीन व्होल्टच्याही खाली जाते आणि पडद्यावर तीस टक्के चार्ज दिसत असताना फोन बंद पडतो. थंडीत रोध आणखी वाढतो, त्यामुळे असे फोन हिवाळ्यात जास्त दगा देतात. प्रोसेसरचा कमाल वेग उतरवला की क्षणिक प्रवाह कमी होतो आणि फोन सुरू राहतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा उपाय योग्य होता. अयोग्य होते ते मौन, कारण ज्या ग्राहकाला केवळ बॅटरी बदलून फोन पूर्ववत करता आला असता, त्याला ते कळायला मार्गच ठेवला नव्हता आणि त्याने नवा फोन घेतला. इथे कंपनीचा फायदा झाला नाही असे मी म्हणणार नाही.

उलट बाजूचाही एक पुरावा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. याच वादाच्या थोडे आधी, २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये, थ्रीडीमार्क ही चाचणी चालवणाऱ्या फ्यूचरमार्कने आयफोन ५एसपासून पुढच्या काही मॉडेलांचे अनेक महिन्यांचे निकाल एकत्र करून पाहिले होते. सिस्टीमच्या नव्या आवृत्त्या आल्या म्हणून ग्राफिक्सचा वेग घसरल्याचे त्यात आढळले नाही, आणि प्रोसेसरच्या निकालातली घट किरकोळ होती. अपडेटबरोबर प्रत्येक जुन्या फोनला सरसकट लगाम घातला जातो हा समज त्या आकड्यांसमोर टिकत नाही.

मग अपडेटनंतर फोन मंदावतो तो का? पहिले कारण तात्पुरते असते. मोठ्या अपडेटनंतर अँड्रॉइड फोन आतल्या अ‍ॅप्सचे संकलन नव्याने करतो, म्हणजे त्यांचा कोड प्रोसेसरला समजेल अशा रूपात पुन्हा तयार करतो, फोटोंची अनुक्रमणिका पुन्हा बांधली जाते, आणि एकाच वेळी बरीच अ‍ॅप्स स्वतःला अद्ययावत करू लागतात. हे काम दोन-तीन दिवस चालू शकते, आणि त्या काळात फोन गरम होतो, चार्ज लवकर उतरतो. तेवढ्या अवधीत दिलेला निकाल घाईचा असतो. फोन रात्रभर चार्जिंगला आणि वाय-फायवर ठेवला की हे काम लवकर उरकते. दुसरे कारण कायमचे असते: नवी आवृत्ती नव्या फोनांची ताकद गृहीत धरून लिहिलेली असते. इटलीच्या स्पर्धा व ग्राहक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये सॅमसंगला ५० लाख युरो आणि अ‍ॅपलला एक कोटी युरो दंड केला तो याच मुद्द्यावर. सॅमसंगच्या बाबतीत, २०१४ च्या गॅलक्सी नोट ४ वर अँड्रॉइडची मार्शमेलो आवृत्ती घेण्याचा आग्रह सतत धरला गेला, पण त्या फोनला ती किती पेलेल हे सांगितले गेले नाही, असा ठपका होता. फोन मुद्दाम बिघडवल्याचे तिथेही सिद्ध व्हावे लागले नाही. पुरेशी माहिती न देता अपडेट गळ्यात मारणे हाच अपराध पुरेसा ठरला.

आता मी ज्याला सर्वाधिक दोषी मानतो आणि ज्याच्याकडे ग्राहकाचे सहसा लक्षच जात नाही, त्या स्टोरेजकडे वळतो. ‘प्रोसेसर जुना झाला’ असे लोक म्हणतात, परंतु प्रोसेसर झिजत नाही; तीन वर्षांत त्याची मोजण्याजोगी शक्ती कमी होत नाही. फ्लॅश स्टोरेज मात्र झिजते, आणि भरले की ते आणखी हळू होते. याचे कारण त्याच्या लिहिण्याच्या पद्धतीत आहे. फ्लॅशमध्ये माहिती लहान लहान पानांत लिहिली जाते, पण पुसताना अशा अनेक पानांचा मोठा गट एकदमच पुसावा लागतो. मोकळे गट भरपूर असतील तर कंट्रोलर, म्हणजे स्टोरेजचा कारभार पाहणारा भाग, नवी माहिती तिथे लिहून मोकळा होतो. ते संपत आले की एका लहानशा नोंदीसाठी आधी एखाद्या गटातली कामाची पाने दुसरीकडे हलवायची, मग तो गट पुसायचा आणि मग लिहायचे अशी तारांबळ सुरू होते, आणि तोवर कीबोर्ड, कॅमेरा, संदेश सारे खोळंबून राहतात.

३२ जीबी क्षमतेच्या आणि जेमतेम काही शे एमबी जागा उरलेल्या फोनची गॅलरी उघडून पाहिली तर हे डोळ्यांना दिसते. आधी करड्या चौकोनांची जाळी येते, मग एकेक चौकोन थांबत थांबत भरतो, बोटाने वर सरकवले की पुन्हा करडे चौकोन येतात, आणि मधेच एखादा संदेश आला तर सगळे जागच्या जागी गोठते. त्याच फोनमधले व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले, कुणीही दुसऱ्यांदा न पाहिलेले व्हिडिओ हटवून सहा-सात जीबी जागा केली आणि फोन रात्रभर चार्जिंगला लावून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी जाळी भरताना दिसतच नाही. रात्रभर ठेवण्यालाही कारण आहे. कोणते गट आता बिनकामाचे झाले हे स्टोरेजला कळवण्याचे काम सिस्टीम फोन स्वस्थ पडलेला असताना करते. गूगलच्या २०१२ च्या नेक्सस ७ या टॅब्लेटमध्ये ही सोय सुरुवातीला नव्हती, तो काही महिन्यांतच रखडू लागल्याच्या तक्रारी सर्वत्र होत्या, आणि जुलै २०१३ मधल्या अँड्रॉइड ४.३ ने ती सोय आणली तेव्हा तो सुधारला. अपडेटने उपकरण वेगवान केल्याचे हे उदाहरण अपडेटला सरसकट शिव्या देणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

स्टोरेजची प्रत हा यातला पुढचा भाग. स्वस्त फोनांत ईएमएमसी प्रकारचे स्टोरेज असते, ते एका वेळी एकतर वाचते किंवा लिहिते. यूएफएस प्रकारचे स्टोरेज दोन्ही कामे एकाच वेळी करते आणि अनेक आज्ञा रांगेत लावून हाताळते. पार्श्वभूमीत एखादे अ‍ॅप अपडेट होत असताना फोन वापरण्याजोगा राहतो की नाही हे बऱ्याच अंशी यावरून ठरते. खोक्यावर मात्र ‘६४ जीबी’ किंवा ‘१२८ जीबी’ एवढेच ठळक छापलेले असते. प्रकार शोधायचा तर तपशिलाच्या तळाशी जावे लागते, आणि पुष्कळदा तिथेही तो नसतो. २०१७ मध्ये हुआवेच्या पी१० या महागड्या फोनच्या एकाच मॉडेलमध्ये काहींना ईएमएमसी तर काहींना यूएफएस चिप मिळाल्याचे उघड झाले आणि कंपनीने फ्लॅश चिपच्या टंचाईचे कारण पुढे केले. दोन ग्राहकांनी एकच किंमत मोजली, खोके सारखेच होते, आणि आत वेगळा माल होता. २०२३ च्या गॅलक्सी एस२३ मध्येही १२८ जीबीच्या आवृत्तीत यूएफएस ३.१ आणि त्याहून मोठ्या आवृत्त्यांत यूएफएस ४.० होते, त्या दर्जाच्या फोनात हा फरक हाताला जाणवत नाही, पण ग्राहकाला केवळ क्षमतेतला फरक दाखवून वेगातला फरक आड ठेवण्याची सवय उद्योगात किती मुरली आहे ते यातून दिसते. कंपनीवर खापर फोडायचेच असेल तर ते इथे फोडावे. २-३ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसीचा फोन काढताना दोन वर्षांनी त्याचे काय होणार हे तयार करणाऱ्याला पुरते ठाऊक असते.

रॅमबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती कमी पडली की सिस्टीम मागची अ‍ॅप्स बंद करते आणि परत आल्यावर ती पहिल्यापासून उघडते, म्हणून फोन मंद वाटतो. स्टोरेजचा काही भाग रॅमसारखा वापरण्याची ‘व्हर्च्युअल रॅम’ नावाची सोय जाहिरातीत आकर्षक दिसते, पण ज्या फोनचे स्टोरेजच हळू आहे त्यावर ती बंद केल्याने फोन सुधारल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. ‘क्लीनर’ आणि ‘बूस्टर’ नावाची अ‍ॅप्स तर काढूनच टाकावीत. ती इतर अ‍ॅप्स बंद करतात, सिस्टीम ती पुन्हा उघडते, आणि या झटापटीत चार्ज आणि वेग दोन्ही जातात.

लपवाछपवीची आणखी दोन उदाहरणे नोंदवायला हवीत, कारण ती जुन्या फोनांची नसून नव्याकोऱ्या आणि महागड्या फोनांची आहेत. जुलै २०२१ मध्ये आनंदटेक या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाच्या तपासणीत वनप्लस ९ प्रो हा फोन क्रोमसारख्या लोकप्रिय अ‍ॅप्सना प्रोसेसरचे वेगवान गाभे (कोर) वापरू देत नसल्याचे, आणि वेगचाचणीच्या अ‍ॅप्सना मात्र मोकळीक देत असल्याचे दिसले. कंपनीने उष्णता आणि बॅटरी वाचवण्याचे कारण दिले. मार्च २०२२ मध्ये सॅमसंगची गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस अशीच हजारो अ‍ॅप्सना आवर घालत असल्याचे बाहेर आले. तिच्या यादीतही चाचणी अ‍ॅप्स नव्हती. गीकबेंचने दोन्ही वेळी संबंधित फोन आपल्या यादीतून काढले, आणि सॅमसंगने माफी मागून ही मर्यादा ऐच्छिक केली. फोन तापू नये म्हणून वेग आवरणे यात गैर काही नाही. इतक्या पातळ पेटीत पंखा नसताना ते करावेच लागते. परंतु परीक्षेत एक वेग दाखवायचा आणि रोजच्या वापरात दुसरा द्यायचा याला फसवणूक म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

आता स्वतःच्या फोनचे निदान कसे करावे ते सांगतो, आणि क्रम पाळावा अशी विनंती आहे, कारण पहिल्या दोन पायऱ्यांवरच बहुतेक फोन मार्गी लागतात. सर्वप्रथम सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज पाहावे. एकूण जागेचा निदान पाचवा हिस्सा मोकळा नसेल तर दुसरे काही करण्याआधी तो मोकळा करावा आणि फोन एक रात्र चार्जिंगवर ठेवावा.

त्यानंतर बॅटरी. आयफोनमध्ये तिची अवस्था टक्क्यांत दिसते आणि वेग आवरला जात असेल तर तसा उल्लेखही असतो. क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर नव्या बॅटरीने वेगही परत येऊ शकतो. अँड्रॉइडच्या बाबतीत ही अपेक्षा जपून ठेवावी. अ‍ॅपलच्या प्रकरणानंतर सॅमसंग, एलजी, एचटीसी आणि मोटोरोला या कंपन्यांनी आपण जुन्या बॅटरीसाठी वेग कमी करत नसल्याचे जाहीर केले होते, म्हणून तिथे नवी बॅटरी चार्ज जास्त वेळ टिकवेल आणि फोन अवचित बंद पडणे थांबवेल, पण वेग वाढवेलच असे नाही. अलीकडे गूगलने पिक्सेल ४ए आणि ६ए यांच्या बॅटरीवर अपडेटद्वारे मर्यादा घातल्या. त्या मुख्यतः साठवणक्षमता आणि चार्जिंगच्या आहेत. फोनचा मागचा भाग फुगलेला दिसला किंवा पडदा चौकटीतून उचलला गेला असेल तर मात्र वेगाचा विचार सोडून फोन ताबडतोब बंद करावा आणि तो जाणकाराकडूनच उघडून घ्यावा.

फोन केवळ चार्जिंग चालू असताना, खेळ खेळताना किंवा उन्हात मंदावत असेल तर तो उष्णतेचा प्रकार आहे, आणि जाड कव्हर काढून पाहिले की खात्री पटते. यातले काहीच लागू नसेल तर अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये सुरू करावा. त्यात बाहेरून घेतलेली अ‍ॅप्स चालत नाहीत, त्यामुळे तिथे फोन चपळ वाटला तर दोष एखाद्या अ‍ॅपचा आहे हे निश्चित होते, आणि शेवटी घेतलेल्या अ‍ॅपपासून एकेक काढत गेले की तो सापडतो.

शेवटची परीक्षा फॅक्टरी रीसेटची, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करण्याची. आधी संपूर्ण बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहावा. फोनला जोडलेल्या खात्याचा पासवर्डही हाताशी ठेवावा, कारण रीसेटनंतर फोन तो मागू शकतो. इथे लोक एक गोष्ट हमखास करतात: रीसेट होताच जुना बॅकअप जसाच्या तसा परत उतरवतात आणि ‘काही फरक पडला नाही’ म्हणतात. एक-दोन दिवस फोन रिकामाच वापरावा. रिकामा फोन चपळ असेल तर जुनी अ‍ॅप्स गरजेपुरतीच, थोडी थोडी परत घ्यावीत. सिस्टीमची नवी आवृत्तीच जड झाली असेल तर रिकामा फोनही थोडा रेंगाळतो, पण सगळीकडे सारखाच रेंगाळतो. त्यावर कामाची अ‍ॅप्स कमी ठेवण्यापलीकडे फारसा इलाज नाही. याउलट जवळजवळ पूर्ण स्टोरेज मोकळे असताना फोन मधेच काही सेकंद गोठत असेल, फोटो जतन होता होता अडकत असेल किंवा आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर स्टोरेजची चिप झिजत आल्याचा दाट संशय घ्यावा. ईएमएमसी चिप आपल्या उरलेल्या आयुष्याचा अंदाज स्वतःच नोंदवते आणि योग्य साधने असलेला तंत्रज्ञ तो वाचू शकतो, तेव्हा सर्व्हिस सेंटरमध्ये ‘बोर्ड गेला’ असे मोघम उत्तर मिळाले तर ही नोंद वाचून दाखवायला सांगावे. वॉरंटी चालू असेल तर अडकण्याचा व्हिडिओ घेऊन लेखी तक्रार द्यावी, म्हणजे फोन तपासणीच्या वेळी नेमका सुरळीत चालला तरी तुमचे म्हणणे मागे पडणार नाही. आणि चिप खरोखरच संपत आल्याचे कळले, तर एकदा बाहेर काढलेला बॅकअप त्या फोनवर परत उतरवू नये. अशी चिप पुढचा इशारा न देताच बंद पडू शकते.